साडेदहा ते दीड

शाळेत पोरांना जेवू घालावं की नाही, हा वाद आता आमच्या बीड जिल्ह्यात तरी कुणी घालत नाही. खिचडी ही खडू-फळ्याइतकीच शाळेची वस्तू झाली आहे. वाद उरला आहे तो घड्याळाचा. साडेदहाला शाळा भरते, परिपाठ होतो, हजेरी होते, गणित होतं, भाषा होते आणि खिचडीच्या पातेल्याचं झाकण निघतं दीडच्या सुमारास. खुरपणीला, वेचणीला जाणाऱ्या बाईचं लेकरू त्याआधी जेवलेलं असतं ते बहुधा आदल्या रात्री. सकाळी कोरा चहा, त्यात बुडवलेला टोस्ट, नाहीतर दुकानातला पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा. पुडा शाळेच्या फाटकापर्यंत संपतो आणि त्याची चांदी वाऱ्यावर मैदानभर फिरते. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत उभी नोकरी केली आणि २०२० साली निवृत्त झाले. हे तीन तास रोज समोर बसलेले पाहिले, म्हणून त्यांचा मागचा-पुढचा हिशेब मांडावासा वाटतो.

आपल्याकडे शिकणाऱ्या मुलाच्या पोटाची सोय कुणी केली, कोणत्या अटीवर केली, हे बघत मागे गेलं की पहिल्यांदा लागते ती माधुकरी. पुण्या-वाईच्या आठवणींत गरीब विद्यार्थी वार लावून जेवतो. सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी पाण्यावर भागवायचं. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं, त्याचा आधारही माधुकरीच होती. त्यातून मोठमोठी माणसं घडली आणि चरित्रांतून त्या दिवसांचं कौतुकही भरपूर झालं. मला ते वाचताना दिसतात ती दारं. ब्राह्मणाच्या मुलाला वार मिळे. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या मुलाला कोणता वार कोण देणार होतं? आणि मुलीने झोळी घेऊन शिकायला निघायचं, हे तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

जोतीरावांना या प्रश्नाची दोन्ही टोकं माहीत होती. १८७६-७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढला आणि भुकेलेल्या मुलांना जेवू घातलं. सावित्रीबाई त्या कामात होत्या. पुढे १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी स्पष्ट सांगितलं की शेतकरी पोरांना शाळेत घालत नाही कारण तो दरिद्री आहे, त्याला गुरं राखायला पोर लागतं. त्यावर उपाय म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं मागितली. दुष्काळात जेवण आणि एरवी बक्षीस, अशी ती विभागणी. सरकारकडे याहून जास्त काही मागता येईल असं त्या काळात कुणाला वाटलं नसावं. पण ही विभागणी आपल्याकडे पुढे शंभर वर्षं टिकली.

खरी जेवणाची सोय केली ती वसतिगृहांनी. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींसाठी बोर्डिंगं उभी केली. सोलापुरात १९२५ साली बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढलं. साताऱ्यात १९२४ साली भाऊरावांनी सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, आणि एक दिवस कोठीत दाणा नाही म्हटल्यावर लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र विकायला काढून दिलं. ही गोष्ट आपण शाळेत इतक्या वेळा सांगतो की तिच्यातली निकड निघून गेली आहे. दागिने आधीच विकून झाले होते, मंगळसूत्र शेवटी उरलं होतं. म्हणजे ती बाई कितीतरी दिवस रोज सकाळी कोठीत डोकावून हिशेब करत असणार.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला सकाळ माहीत असते. मूल तिथेच झोपतं, तिथेच उठतं, उठल्यावर त्याला भूक लागते आणि ती भूक कुणाच्या तरी डोळ्यांसमोर असते. दिवसाच्या शाळेला मूल भेटतं ते थेट साडेदहाला, हातपाय धुऊन, केसांना पाणी लावून, भांग पाडून. त्याच्या पोटात काय आहे हे हजेरीपटावर कळत नाही.

आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. बोर्डिंगांची ती लाट आमच्याकडे फार उशिरा आणि फार थोडी पोचली. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्या आणि मग वाडी-वस्तीवर शाळा निघाल्या. कुठे देवळात, कुठे पाटलाच्या वाड्यात. सगळ्या दिवसाच्या शाळा.

१९७२ च्या दुष्काळात मी चौथीत होते. आई खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी तव्यावरच चिरायची. कामावर बायाबापड्यांना सुकडी मिळे आणि शाळेत आम्हालाही. भाजलेल्या धान्याची, शेंगदाण्याची, गुळाची ती पूड. फ्रॉकचा ओचा धरायचा आणि गुरुजी डब्याने मापून टाकायचे. कोरडी खाल्ली की घशात तोठरा बसायचा, मग सगळे आडावर. दुधाची भुकटीही यायची. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात ती टाकत, गुठळ्या वर तरंगत, आणि त्या दुधाला एक उग्र वास असे. काहींची पोटं बिघडायची. पण प्यायलं सगळ्यांनी.

आमचे गुरुजी सुकडी वाटायचे ते शाळा भरल्या भरल्या, हजेरीच्याही आधी. दुपारपर्यंत थांबलं की शाळेच्या दारात मोठी माणसं येऊन उभी राहत; ओळखीची, नात्यातली माणसं. त्यांना नाही म्हणणं गुरुजींना जड जाई, म्हणून सकाळीच वाटून पोतं बांधून टाकायचं. कुणाच्या धोरणात नसताना आमच्या शाळेला न्याहारी मिळाली ती अशी, गुरुजींच्या संकोचापायी. त्या वर्षी पाढे पाठ झाले, असं माझ्या वयाच्या बायका अजून सांगतात. मी त्याला पुरावा म्हणणार नाही. दुष्काळ हटला, सुकडी बंद झाली. जोतीरावांच्या वेळची विभागणी पुन्हा लागू झाली, फक्त बक्षीससुद्धा नव्हतं.

मी १९८४ साली नोकरीला लागले तेव्हा शाळेत खायला काही नसे. परिपाठात एखादं पोर चक्कर येऊन पडणं ही बातमी नव्हती. चपला हुंगवायच्या, कांदा फोडायचा, सावलीत निजवायचं आणि राष्ट्रगीत पुढे चालू. उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली की जास्त पोरं पडत, कारण तेव्हा घरात चहासुद्धा झालेला नसे.

१५ ऑगस्ट १९९५ ला केंद्राची प्राथमिक शाळांसाठीची पोषण योजना सुरू झाली आणि आमच्याकडे ती आली तांदळाच्या पोत्यातून. महिन्याला विद्यार्थ्यामागे तीन किलो तांदूळ, हजेरी ऐंशी टक्के असेल तर. ज्वारी खाणाऱ्या मुलखात तांदूळ म्हणजे सणासुदीचं धान्य. वाटपाच्या दिवशी शाळेचं रेशन दुकान व्हायचं. तराजू, वजनं, सह्या, अंगठे, फाटक्या पोत्यातून सांडलेला तांदूळ टिपायला आलेल्या कोंबड्या. पोरं पिशव्या घेऊन यायची, मोठ्या पोरी डोक्यावर दोघा-तिघा भावंडांचा तांदूळ घेऊन जायच्या. घरी गेलेला तांदूळ सगळ्यांच्या ताटात जाई, नाहीतर किराणा दुकानात जाऊन त्याची चहापत्ती आणि साखर होई. यात आईबापाचा काही दोष नाही. पाच माणसांच्या घरात एकाच्या नावाचं धान्य वेगळं शिजवायला कोण बसणार?

त्या अटीने केलेला घात मात्र सांगितला पाहिजे. आमच्या भागातली अर्धी घरं दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. गाडीत संसार टाकून, पोरं घेऊन टोळी निघते ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येते. पाच-सहा महिने ज्या मुलाचं नाव हजेरीपटावर लाल शाईने गैरहजर, त्याची हजेरी ऐंशी टक्के कशी भरणार? ज्याला सगळ्यांत जास्त गरज त्याच्या वाट्याला तीन किलोतला दाणाही नाही. आमच्यातले काही शिक्षक काठावरच्या पोरांची हजेरी ऐंशीवर नेऊन बसवायचे. तपासणीत कुणी सापडलं की खुलासा द्यावा लागे. मला त्या शिक्षकांबद्दल आजही आदर आहे.

मग राजस्थानातल्या भूकबळींच्या प्रश्नावरून पीयूसीएल ही संस्था २००१ साली सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २८ नोव्हेंबर २००१ ला न्यायालयाने सांगितलं की कोरडं धान्य पुरे, मुलांना शिजवलेलं ताजं अन्न द्या. किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस. पुढे पहिली ते पाचवीसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं प्रमाण ठरलं. पण पोरं ज्याला खिचडी म्हणतात ती खरी सुरू झाली चिंचेखाली, तीन दगडांच्या चुलीवर. ओली लाकडं, धूर वर्गात, आणि फुंकणी घेऊन डोळे पुसत बसलेली बचत गटातली एखादी बाई. पहिल्या आठवड्यात कोण शिजवतंय यावरून कुरबुर झाली. दोन घरांनी पोरांना डबे दिले आणि वेगळं बसायला सांगितलं. न्यायालयाने पुढे २००४ साली स्वयंपाकाच्या कामात दलित, आदिवासी बायांना प्राधान्य द्या असा आदेश दिला, तो अशा घरांसाठीच होता. आमच्याकडे तो वाद आदेशाने मिटला नाही, हिंगाच्या फोडणीने मिटला. डबेवाली पोरं चौथ्या-पाचव्या दिवशी डबा दप्तरात ठेवून पंगतीत येऊन बसली. घरी सांगितलं असेल असं वाटत नाही.

तेव्हापासून शाळेत सोमवारचं माप वेगळं असतं. हे स्वयंपाकीण बाईने मला दाखवलं. पटावर पोरं तीच, पण सोमवारी पातेलं खरवडलं जातं आणि शुक्रवारी थोडं उरतं. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा तर सगळे सोमवारच. ती शुक्रवारी मुठीने तांदूळ मागे ठेवायची आणि सोमवारी वाढवून टाकायची. नियमात हे बसत नाही. माप रोजच्या हजेरीवर निघतं, लेकराच्या रविवारवर निघत नाही.

पुष्कळ वर्षांनी मी ब्रॅडफर्डविषयी वाचलं तेव्हा हीच सोमवारची गोष्ट मला तिथे सापडली. ब्रॅडफर्ड म्हणजे इंग्लंडमधलं लोकरीच्या गिरण्यांचं शहर. बोअर युद्धासाठी भरतीला आलेले तरुण इतके किडकिडीत निघाले की सरकारला १९०३ साली समिती नेमून देशाची तब्येत तपासावी लागली. ब्रॅडफर्डच्या मार्गारेट मॅकमिलन या बाई त्याच्या आधीपासून शाळा मंडळावर बसून सांगत होत्या की उपाशी पोराला शिकवणं हा पैशाचा अपव्यय आहे. त्यांचे सहकारी फ्रेड जाउएट १९०६ साली मजूर पक्षाकडून संसदेत गेले आणि त्याच वर्षी शाळांनी मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला. सक्तीचा नव्हता, ज्या नगरपालिकेला द्यायचं तिने द्यावं, इतकंच. समोर धर्मादाय संस्थांचे पुढारी होते. शाळा जेवू घालू लागली तर आईबाप आपली जबाबदारी टाकतील, हे त्यांचं म्हणणं. तेच वाक्य मी आमच्या पारावर ऐकलं आहे, शब्दही फारसे वेगळे नाहीत.

१९०७ साली ब्रॅडफर्डचे शाळा वैद्यकीय अधिकारी राल्फ क्राउली यांनी चाळीसेक गरीब मुलं निवडून त्यांना काही महिने शाळेत सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण दिलं. न्याहारीला ओटची लापशी, वर दूध आणि काकवी, जोडीला पाव. दर आठवड्याला वजनं. वजन चढत गेलं, मध्ये सणाची सुट्टी आली तशी रेघ खाली आली, शाळा उघडली आणि पुन्हा वर चढली. क्राउलींनी तो आलेख छापला. आमच्या बाईने तोच आलेख पातेल्याच्या तळाला पाहिला होता. तिला छापायला कुणी सांगितलं नाही. दोन्हींत फरक एवढा की क्राउलींच्या कागदावर सकाळ आणि दुपार दोन्ही होत्या. ब्रॅडफर्डच्या आया पहाटे गिरणीत जायच्या. बाई सकाळी घरात नसेल तर न्याहारी घरात नसते, हे त्या शहराला भोंग्याने शिकवलं होतं.

अमेरिकेत याला वेगळं वळण लागलं. ओकलंडच्या एका चर्चमध्ये १९६९ च्या सुरुवातीला ब्लॅक पँथर पक्षाने काळ्या वस्तीतल्या मुलांना शाळेआधी फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली आणि पाहता पाहता ती शहराशहरांत पसरली. पोलिसांना बंदुकांइतकीच ती न्याहारीही खुपली. सरकारची न्याहारी योजना तिकडे १९६६ पासून प्रायोगिक होती, ती १९७५ साली कायमची झाली. त्या पँथरचं नाव १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांनी उचललं. आवेश आला, कविता आली, मोर्चे आले. न्याहारी मात्र आली नाही. कामाठीपुऱ्यातल्या, वरळीतल्या पोरांना तिची गरज ओकलंडपेक्षा कमी होती असं नाही. पण या मुंबईच्या पँथरांमागे चर्चचं स्वयंपाकघर नव्हतं आणि आल्या दिवशी मार खायला लागत होता. हे मी दोष म्हणून लिहीत नाही, पण मनात येतं खरं.

आपल्याच देशात सकाळ ओळखली ती तमिळनाडूने. तिथेही सुरुवात जुनी आहे. १९२० साली मद्रास महापालिकेचे अध्यक्ष त्यागराय चेट्टी यांनी थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना खाणं सुरू केलं, एका मुलामागे एका आण्याच्या आत. पट वाढला. १९५६ साली कामराज मुख्यमंत्री असताना ही गोष्ट राज्यभर न्यायला सुरुवात झाली, आणि १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी ती इतकी मोठी केली की दिल्लीच्या अर्थतज्ज्ञांनी डोक्याला हात लावला. करुणानिधींनी अंडं आणलं. एक सरकार गेलं, दुसरं आलं, पण जेवण कुणी मागे घेतलं नाही. आधीच्याने जे वाढलं त्यावर पुढच्याने काहीतरी ठेवलंच. आपल्याकडे सरकार बदललं की पाटी बदलते. १५ सप्टेंबर २०२२ ला स्टालिन यांनी मदुराईत पहिली ते पाचवीच्या मुलांना सकाळचं खाणं सुरू केलं. पहिल्या टप्प्यात दीड हजारांवर शाळा, आणि पुढच्याच वर्षी ऑगस्टपासून राज्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळा. उपमा, पोंगल, सांबार. कर्नाटकाने तर त्याआधी, २०१३ पासून, शाळेत दूध द्यायला सुरुवात केली होती. बेळगावच्या सरकारी मराठी शाळेतलं पोर दूध पितं, आणि सीमेच्या अलीकडचं आपलं पोर दीडची वाट बघतं.

आपल्याकडे सकाळ अगदीच कुणाला दिसली नाही असं नाही. आदिवासी विभागाच्या आश्रमशाळांत नाष्टा आहे. आणि आमच्या बीडमध्ये हंगामी वसतिगृह नावाची एक गोष्ट आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांनी पोरांना आजी-आजोबांकडे गावात ठेवावं, शाळा बुडू नये, म्हणून त्या पाच-सहा महिन्यांत शाळेतच सकाळ-संध्याकाळ खायला द्यायचं. नाव वसतिगृह, पण पोरं रात्री म्हाताऱ्यांजवळ झोपतात. दुपारी खिचडी असतेच. त्यामुळे आमच्या शाळेत हिवाळ्यात एक विचित्र चित्र दिसायचं. ज्यांचे आईबाप गावात नाहीत ती पोरं साडेनऊला पोहे किंवा उपीट खाऊन वर्गात बसायची. ज्यांचे आईबाप गावात आहेत पण सकाळी सातलाच वेचणीला गेले आहेत, ती कोरी. पहिल्या तासाला बोटं वर कुणाची होतात हे बघायला मला प्रगतिपुस्तक लागत नव्हतं.

तिसरीतली एक पोरगी रोज साडेनऊला यायची आणि व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी राहायची. तिचं नाव यादीत नव्हतं. आई गावात रोजंदारीवर होती. दोन दिवस मी बघितलं, तिसऱ्या दिवशी वाढणाऱ्या बाईला सांगितलं की हिलाही दे. दे म्हटल्यावर ती म्हणाली, ‘‘बाई, एकीला दिलं की उद्या खांबाला चाळीस टेकतील.’’ आणि तसंच झालं. मग मी खिचडीच अकराला आणली. चूल लवकर पेटवायची, परिपाठ आटोपला की पंगत. वर्ग जागे झाले. दुपारनंतर पेंग यायची, पण सकाळचे दोन तास हाती लागले. काही महिन्यांनी एक अधिकारी आले, त्यांनी वेळापत्रक आणि घड्याळ दोन्ही पाहिलं आणि खिचडी मधल्या सुट्टीत गेली. त्यांचंही चुकीचं म्हणता येईना: अकराला जेवलेलं पोर पाचपर्यंत कशावर राहणार, हा त्यांचा सवाल होता. एका ताटाने दोन भुका भागत नाहीत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात न्याहारीचा उल्लेख आहे. सकाळी पोषक खाल्लेल्या मुलाला अवघड विषय नीट झेपतात, तेव्हा दुपारच्या जेवणाबरोबर न्याहारीही द्यावी. गरम शक्य नसेल तिथे शेंगदाणे किंवा हरभरे गुळाबरोबर द्यावेत, असं लिहिलं आहे. वाचून मला बरं वाटलं. म्हणजे पन्नास वर्षांनी धोरण आमच्या सुकडीपाशी येऊन थांबलं. पण केंद्राच्या अर्थ खात्याने तेवढ्यालाही पैसे दिले नाहीत. २०२१ साली मध्यान्ह भोजनाचं नाव पीएम पोषण झालं, न्याहारी त्यात नव्हती. महाराष्ट्रात २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी पैसा थांबला आणि हवं तर लोकवर्गणीतून द्या असं कळवलं. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नका असा आदेश निघाला, कारण मुलांची झोप पुरी होत नाही. शहरात ते खरंच असेल. आमच्याकडे झोपेची तक्रार कधी आली नाही.

आईबापांच्या जबाबदारीचा मुद्दा मला तरी पटत नाही. कापसाला आठच्या आत पोचावं लागतं. दहिवर वाळायच्या आत वेचायचं नाही आणि ऊन चढायच्या आत जास्त वेचायचं, असा तो खेळ आहे. बाई पहाटे भाकरी करते, बांधून नेते, एखादी दुरडीत झाकून ठेवते. ती भाकरी पोरगं खातं, किंवा धाकट्याला देतं, किंवा कुत्रं नेतं. जबाबदारी टाकायला ती घरात असावी तर लागते.

माझ्याच जातकुळीचा, म्हणजे शिक्षकांचा, आक्षेप मात्र वजनदार आहे. खिचडीने आधीच शिक्षकाचा तास खाल्ला आहे. रोजचा आकडा ऑनलाइन भरायचा, तांदूळ-डाळ-तेलाची नोंदवही, चवीची नोंदवही. चवीच्या वहीवर जोर आला तो २०१३ साली बिहारमध्ये छपराजवळ कीटकनाशक मिसळलेलं जेवण खाऊन २३ मुलं गेली त्यानंतर. तिच्याबद्दल तक्रार करायची माझी हिंमत नाही. पण एकशिक्षकी, दोनशिक्षकी शाळेत न्याहारीचा हिशेबही त्याच माणसाच्या माथी मारला तर सकाळी मिळवलेला तास तो माणूस वह्यांतच घालवेल. त्यासाठी वेगळा माणूस हवा आणि वेगळा पगार हवा.

पगाराचं म्हणाल तर आमच्या स्वयंपाकी आणि मदतनीस बायांना वर्षानुवर्षं महिन्याला १००० रुपये मानधन होतं, मग १५००, अलीकडे २५००. तेही वर्षाचे दहाच महिने, आणि वेळेवर मिळेल याचा भरवसा नाही. त्यांच्यातल्या बहुतेक जणी स्वतः मजुरीला जाणाऱ्या. खिचडी दुपारची असल्यामुळे त्यांना सकाळी दोन तास कुणाच्या शेतात खुरपायला जाता येतं आणि दुपारनंतर पुन्हा जाता येतं. न्याहारी आली की सकाळी आठला चूल. म्हणजे खुरपणं गेलं. निवृत्तीनंतर गावातल्या एका बैठकीत न्याहारीचा विषय निघाला तेव्हा सरपंच बोलले, केंद्रप्रमुख बोलले, मीही बोलले. शेवटी स्वयंपाकीण बाईला विचारलं. ती म्हणाली, ‘‘करीन की. लेकरं उपाशी येतात ते मला तुमच्या आधी दिसतं. पण सकाळचा माझा रोज तीनशे रुपये आहे. तो कोण देणार ते आधी लिहून घ्या, मग उपीट का पोहे ते ठरवा.’’ इतिवृत्तात तिचं वाक्य आलं नाही, म्हणून पुढच्या बैठकीत ते घालून घेतलं आणि ठराव पंचायत समितीकडे पाठवला. अजून उत्तर नाही.